‘अनधिकृत’ म्हणजे नक्की कोणाच्या परवानगीशिवाय?

मागच्या आठवड्यात नवीन घेतलेल्या गेम कन्सोलचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं की प्ले स्टोअरच्या बाहेरून चार-पाच ॲप टाकली, मस्त चालतायत. त्यावर एका जुन्या वाचकाची कमेंट आली : “सर, तुम्हीच दर महिन्याला ‘एपीके फाइल उघडू नका’ म्हणून बातम्या लावता आणि आता स्वतःच एपीके टाकून फोटो टाकता? लोकांनी कुठलं ऐकायचं?” पन्नासेक लोकांनी त्याला लाइक ठोकलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर कमेंटमध्ये मावणारं नाही, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी यंत्राबद्दल, कारण इनबॉक्समध्ये निम्म्या लोकांनी तेवढंच विचारलंय. हे आठ हजारांच्या आतलं, चिनी बनावटीचं, हातात धरून खेळायचं यंत्र आहे. मध्ये तळहाताएवढा स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं, दोन छोट्या काड्या आणि आत अँड्रॉइड. कंपनीचं नाव लिहीत नाही, जाहिरातही नको आणि बदनामीही नको. सोनीचा प्लेस्टेशन ५ आपल्याकडे २०२१ साली आला तेव्हा ४९,९९० रुपयांना होता, मायक्रोसॉफ्टचा त्यातल्या त्यात स्वस्त एक्सबॉक्स सीरिज एस २०२० साली ३४,९९० ला. आपल्या पगारात ते बसत नाही, त्यामुळे तुलना करूच नका. आठ दिवसांचा अनुभव असा : बटणं अपेक्षेपेक्षा चांगली, स्क्रीन घरात छान पण अंगणात उन्हात काही दिसत नाही, स्पीकर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, बॅटरी चार-पाच तास. आजकालचे जड गेम अडखळतात, जुने गेम पळतात. पोरं खूश आहेत. पोरांचा बापही.

एक गोष्ट मात्र खटकली. डब्यात एक मेमरी कार्ड आलं, त्यात हजारो गेम आयते भरलेले. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची कॅसेट मिळायची, त्यावर ‘९९९९९९ इन १’ छापलेलं असायचं, त्यातलाच हा प्रकार. हा सगळा चोरीचा माल. ज्यांनी ते गेम बनवले त्यांना एक पैसा मिळालेला नाही. मी कार्ड पुसून टाकलं. पण गंमत बघा, ‘फुल लोडेड’ म्हणून हेच कार्ड दुकानात आणि ऑनलाइन राजरोस विकलं जातं, पक्क्या पावतीसह. त्याला कोणी अनधिकृत म्हणत नाही. आणि मी जी चार ॲप टाकली ती मात्र ‘अनऑफिशियल’.

कुठली ती ॲप? पहिलं एफ-ड्रॉइड. हे एक दुसरं ॲप-दुकान आहे, २०१० पासून चालू, स्वयंसेवक चालवतात. इथली ॲप मुक्त असतात, म्हणजे त्यांचा सोर्स कोड कोणीही उघडून वाचू शकतो. जाहिराती पाहायच्या नाहीत, खातं काढायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. तिथून सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम घेतला, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला. दुसरं रेट्रोआर्क, ते त्यांच्याच वेबसाइटवरून घेतलं. हा एम्युलेटर आहे, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. एम्युलेटर म्हणजे चोरी असं पुष्कळांना वाटतं. ते चूक आहे. व्हीसीआर आणि कॅसेट या दोन वेगळ्या गोष्टी, कॅसेट चोरीची असली म्हणून व्हीसीआर चोर ठरत नाही. अमेरिकेत सोनीने कनेक्टिक्स नावाच्या कंपनीवर याच मुद्द्यावर खटला भरला होता आणि २००० साली अपील कोर्टात सोनी हरली.

ॲप टाकण्याची पद्धतही सांगतो, कारण त्यातच माझ्या उत्तराचा अर्धा भाग आहे. अँड्रॉइडमध्ये पूर्वी एकच बटण होतं, ‘अनोळखी स्रोत’. ते चालू केलं की घराचं दार सताड उघडं. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून तसं राहिलं नाही. आता परवानगी एकेका ॲपला वेगळी द्यावी लागते. मी ब्राउझरला परवानगी दिली, एफ-ड्रॉइड त्याच्या स्वतःच्या वेबसाइटवरून उतरवून टाकलं आणि लगेच ब्राउझरची परवानगी काढून घेतली. आता फक्त एफ-ड्रॉइडलाच ॲप टाकता येतात. मध्ये दोनदा इशारा आला, तो वाचला. प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. टाकलेल्या ॲपच्या जागी वेगळ्या सहीचं अपडेट आलं तर अँड्रॉइड ते घेतच नाही. अमुक ॲप कुठून घेतोय, कोणी बनवलंय, त्याला काय परवानगी लागते, हे सगळं मला ठाऊक होतं. शर्यतीच्या गेमने माझे एसएमएस वाचायची परवानगी मागितली असती तर मी तो तिथेच काढून फेकला असता.

आता मी ज्या एपीकेबद्दल बातम्या लावतो ती गोष्ट. व्हॉट्सॲपवर फाइल येते. नाव असतं लग्नपत्रिका, आरटीओ चलान, पीएम किसान, वीजबिल. पाठवणारा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. माणूस पत्रिका समजून उघडतो, ‘इंस्टॉल’ दाबतो, समोर येईल त्या चौकटीत ‘अलाऊ’ दाबतो. त्यातली एक चौकट एसएमएस वाचायच्या परवानगीची असते. तिथून पुढे बँकेचा ओटीपी भामट्याकडे जातो. आमच्या तालुक्यात एका निवृत्त गुरुजींच्या खात्यातली रक्कम अशीच रात्रीत गेली. लेकीच्या लग्नाला ठेवलेले पैसे होते. मी त्या घरी बसलोय, गुरुजी एक शब्द बोलले नाहीत. ते बघितल्यावर या विषयावर ‘ज्याचं त्याने बघावं’ म्हणण्याची माझी हिंमत नाही. ‘एपीके उघडू नका’ असं मी लिहितो आणि पुढेही लिहीत राहणार.

पण गुरुजींना लुबाडणारी फाइल आणि मी टाकलेला गेम या दोन्हींना एकच नाव दिलं जातंय, आणि त्या नावाच्या आडून एक भलतीच गोष्ट पुढे सरकतेय.

ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की यापुढे गुगलप्रमाणित अँड्रॉइड यंत्रांवर, म्हणजे आपल्या जवळजवळ सगळ्या फोनवर, तेच ॲप सरळ टाकता येईल ज्याच्या निर्मात्याने गुगलकडे आपली ओळख नोंदवली आहे. ॲप प्ले स्टोअरवर असो वा नसो. वेळापत्रक असं : सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बाकीचं जग. त्यात आपणही आलो. यावर आरडाओरडा झाला. एफ-ड्रॉइडने सप्टेंबरमध्येच सांगितलं की हे झालं तर आमचं दुकान आजच्या रूपात चालणार नाही. कारण साधं आहे. तिथली हजारो ॲप जगभरच्या हजारो हौशी लोकांची, त्यातल्या प्रत्येकाने गुगलकडे ओळखपत्र घेऊन जावं असं ते सांगू शकत नाहीत आणि त्यांच्या वतीने स्वतः नोंदही करू शकत नाहीत. नोव्हेंबरमध्ये गुगल थोडं मागे सरकलं. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मर्यादित खातं देऊ, जाणकारांना धोका पत्करून ॲप टाकायचा एक वेगळा मार्गही ठेवू, असं म्हणाले. मार्ग ठेवतील, पण त्यात किती वळणं आणि किती फाटकं असतील हेही तेच ठरवणार. कॉम्प्युटरला वायर जोडून कमांड देऊन ॲप टाकता येईल असंही सांगतात. आठवडी बाजारात मोबाइल दुरुस्तीचा गाळा असलेल्या पोराला ते जमेल. तुम्हाआम्हाला?

गुगलचं म्हणणं असं की इंटरनेटवरून परस्पर टाकलेल्या ॲपमध्ये प्ले स्टोअरच्या तुलनेत पन्नासपटीहून जास्त घातक सॉफ्टवेअर सापडलं. मोजणारे तेच आणि दुकानही त्यांचंच, तरी आकडा खरा धरू. त्यातून रोग कुठे आहे ते कळतं. औषध हेच का, हे त्यातून कळत नाही.

आणि दुकानातला माल तरी स्वच्छ आहे का? कर्ज देणारी ॲप आठवा. पाच हजार कर्ज द्यायचे, फोनमधले सगळे नंबर आणि फोटो उचलायचे, मग नातेवाइकांना घाणेरडे मेसेज पाठवायचे. त्या छळाने देशात लोकांनी जीव दिले. सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत सांगितलं की एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गुगलने साडेतीन ते चार हजार कर्जाची ॲप तपासली आणि त्यातली अडीच हजारांहून जास्त काढून टाकली. ही सगळी प्ले स्टोअरवरची होती बरं का. अधिकृत. तारे आणि रिव्ह्यूसकट. त्यांना कोणी ‘साइडलोडिंग’ म्हटलं नाही.

दुसरं. ओळख नोंदवल्याने भामटा सापडतो, असं ज्याला वाटतं त्याने एकदा आपल्या पोलिस स्टेशनात जाऊन सायबरच्या तक्रारी वाचाव्यात. लुटीचे पैसे कुठे जातात? भाड्याने घेतलेल्या बँक खात्यात. त्या खात्याला केवायसी असते, आधार असतं, पॅन असतं, फोटो असतो. खातं ज्याच्या नावावर असतं तो कुठलातरी बेकार पोरगा असतो, दोन-पाच हजारांसाठी पासबुक देऊन बसलेला. सिमकार्डाचंही तेच. ज्या टोळ्या शेकड्याने खाती भाड्याने मिळवतात, त्यांना गुगलकडे दाखवायला एक ओळखपत्र मिळणार नाही? अडकेल तो आमच्या पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, ज्याने एसटीच्या वेळापत्रकाचं छोटंसं ॲप बनवून मित्रांना फाइल पाठवली. त्याने आता परदेशी कंपनीकडे नाव नोंदवायचं, मर्यादित खातं घ्यायचं आणि मर्यादेपेक्षा जास्त लोकांना ॲप आवडलं तर पंचवीस डॉलर भरायचे.

बरं, नेमका उपाय नाही असंही नाही. खुद्द गुगलनेच २०२४ च्या शेवटी भारतात एक प्रयोग सुरू केला. ब्राउझर किंवा मेसेजमधून आलेलं ॲप जर एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटीसारखी नाजूक परवानगी मागत असेल, तर ते टाकूच द्यायचं नाही. उत्तम काम! गुरुजींना वाचवणारी गोष्ट ही आहे. व्हॉट्सॲपवरच्या पत्रिकेला एसएमएस वाचायचं कारण काय, हा प्रश्न फोनने विचारायचा. हे आणखी कडक करा, मी बातमी लावीन, फुकट. पण शर्यतीच्या गेमला काही नाजूक परवानगी लागत नाही, तरी त्याच्या निर्मात्याचं ओळखपत्र हवंय. मग ही सुरक्षा राहिली नाही. हा परवाना झाला.

हा भाग आपल्या तालुक्याला समजावून सांगायची गरज नाही. भाजी बाजार समितीतच आणायची, अडत कापून द्यायची, हा जाच आपल्या बापजाद्यांनी सोसलाय. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाज्या नियमनमुक्त केल्या. समितीच्या आवाराबाहेर विकायची मोकळीक मिळाली आणि शेतकऱ्याकडून अडत घेणंही बंद झालं. तेव्हा व्यापारी काय म्हणत होते आठवतंय? बाहेर फसवणूक होईल, वजनकाट्यात मारतील, पैसे बुडवतील. काही ठिकाणी बुडालेही. म्हणून कोणी असं म्हणालं नाही की शनिवारच्या बाजारात मेथीची जुडी विकणाऱ्या बाईने आधी समितीत जाऊन आधारकार्ड जमा करावं. प्ले स्टोअरवरून विकल्या जाणाऱ्या डिजिटल मालावर वर्षानुवर्षे १५ ते ३० टक्के कापले गेले. त्या अडतीतून सुटायची वाट म्हणजे बाहेरून ॲप देणं. त्या वाटेवर आता तोच अडत्या नाकं बसवतोय.

आपल्या देशात हा मुद्दा आधी येऊन गेलाय, हे कोणाच्या लक्षात नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. दंडाची बातमी सगळ्यांनी छापली, आम्हीही छापली. पण त्याच आदेशात वागणूक सुधारण्याचे निर्देश होते आणि त्यातला एक असा होता की परस्पर ॲप देण्याच्या निर्मात्यांच्या मुभेवर गुगलने बंधन आणू नये. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि चार निर्देश रद्द केले. रद्द झालेल्यांत हा एक होता. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. दंड भरणं गुगलला जड नाही हो. तो निर्देश टिकला असता तर आज जे चाललंय त्याला आपल्याकडे कायद्याचा अडसर असता.

आणि हे फक्त कंपन्यांचं दुखणं आहे असंही समजू नका. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी केंद्राच्या दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना सांगितलं की ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्या, काढता येणार नाही असं. ओरड झाली तेव्हा ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. ॲप चांगलं आहे, चोरीचा फोन बंद करायला मी स्वतः ते वापरायला सांगतो. पण माझ्या फोनमध्ये काय घालायचं हे दिल्लीने ठरवू नये आणि काय घालायचं नाही हे कॅलिफोर्नियाने ठरवू नये, एवढंच म्हणणं आहे. यंत्र माझं, पावती माझ्या नावावर.

‘सुरक्षेसाठी’ हा शब्द या धंद्यात जुना आहे. २००६ साली सोनीने प्लेस्टेशन ३ आणला तेव्हा त्यावर लिनक्स टाकायची सोय दिली होती. लोकांनी ती बघून यंत्रं घेतली. अमेरिकेच्या हवाई दलाने तर सुमारे १,७०० प्लेस्टेशन जोडून त्यातून महासंगणक उभा केला! १ एप्रिल २०१० ला एक अपडेट आलं आणि ती सोय गेली. कारण दिलं, सुरक्षा. विकलेल्या, पैसे मोजून घेतलेल्या यंत्रातून कंपनीने वस्तू काढून घेतली. गिऱ्हाइकं कोर्टात गेली, अनेक वर्षांनी किरकोळ भरपाईवर तडजोड झाली.

जाता जाता स्वस्त यंत्रांच्या खऱ्या धोक्याबद्दल, कारण दिवाळीला तुमच्यापैकी कितीतरी जण असं काहीतरी घेणार. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला, ‘बॅडबॉक्स २.०’ नावाचा. स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर वगैरेंमध्ये घातक सॉफ्टवेअर घरी येण्याआधीच भरलेलं सापडलं. पुढच्याच महिन्यात गुगलने ते चालवणाऱ्यांवर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला आणि बाधित यंत्रांचा आकडा एक कोटीच्या वर सांगितला. ही यंत्रं गुगलप्रमाणित नव्हतीच, त्यामुळे नवा नियम त्यांना लागूही होत नाही. म्हणजे विष डब्यातूनच येतं त्याला नियम नाही, आणि सरळ मार्गाने प्रमाणित यंत्र घेणाऱ्याच्या हातात बेडी.

तेव्हा घेणाऱ्यांनी एवढं करा. प्ले प्रोटेक्ट प्रमाणपत्र आहे का ते प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये बघा. कन्सोलवर तुमचं मुख्य गुगल खातं टाकू नका, वेगळं काढा. बँकेचं ॲप, यूपीआय, काहीही त्यात नको. सोबत आलेलं कार्ड पुसा. ॲप फक्त मूळ निर्मात्याच्या साइटवरून किंवा एफ-ड्रॉइडसारख्या ठिकाणाहून घ्या आणि काम झालं की परवानगी काढून घ्या. व्हॉट्सॲप, टेलिग्रामवर आलेली एपीके, कोणाचीही असो, अगदी माझ्या नंबरवरून आली तरी उघडायची नाही. पैसे गेले तर लाजत बसू नका, त्याच तासाला १९३० ला फोन लावा. गुरुजींनी दोन दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि आपल्या खासदारांना, जे दर पंधरा दिवसांनी ‘डिजिटल इंडिया’च्या बॅनरवर हात जोडून उभे असतात, त्यांना मी एक पत्र लिहिलंय. त्यात दोनच गोष्टी विचारल्या आहेत. २०२७ मध्ये हा नियम भारतात येण्याआधी सरकार यावर लोकांचं म्हणणं ऐकणार आहे का? आणि रद्द झालेल्या त्या निर्देशाबद्दल सरकारची भूमिका काय? पोच मिळाली आहे. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकीन, न आल्यास तेही टाकीन.

कमेंटमध्ये गेमच्या लिंक मागू नका. देणार नाही, आणि कोणी दिली तर काढून टाकीन. कन्सोलची बटणं, बॅटरी, कव्हर याबद्दल खुशाल विचारा.